पियानोतले एकेचाळीस नग

फसली तेराशे पंचावन्न, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे शेहेचाळीस, फरवर्दी म्हणजे फेब्रुवारीच्या सुमाराच्या महिन्यातला तिसरा रविवार, दुपारचे चार. ठिकाण: मुरुम, जिनिंग कारखान्याच्या इंजिनिअरसाहेबांच्या बंगल्यातली पुढची खोली. हजर: इंजिनिअरसाहेब; त्यांची पत्नी, म्हणजे पियानो वाजवणारी पारशी बाई; बाईंचे मुंबईचे मास्तर, पाहुणे, वय सत्तरीच्या पुढं; आमचे हे, कारखान्याचे स्टोअरकीपर; आक्का, म्हणजे माझी मोठी नणंद; कारखान्याचे फिटर चाचा, दाराशी उभे, बसायला नकार; आणि मी. एकूण सात. खुर्च्या सहाच होत्या, त्यामुळं चाचांचा नकार सोयीचा पडला.

गैरहजर: एक बोल्ट. तो त्या वेळी कारखान्यात चार नंबरच्या जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या यंत्रात होता, आणि जिन चालू होती.

मला याद्या करायची सवय आहे, हे आधीच सांगून टाकते. मुरुमात कुणाचं लग्न निघालं की कोठी माझ्या ताब्यात देतात. कोठी म्हणजे धान्य, गूळ, तेल, साखर, भांडी ठेवायची खोली. आत काय गेलं, बाहेर काय आलं, सगळं माझ्या वहीत. पंधरा वर्षांत माझ्या हातून एक पळी हरवलेली नाही. घरच्या कोठीची किल्लीही माझ्याच कमरेला असते. करंगळीएवढी, लोखंडी, आणि एकच. दुसरी करून घे असं आमचे हे लग्न झाल्यापासून सांगत आले. मी म्हणायची, दुसरी किल्ली म्हणजे दुसरा उघडणारा.

आता पियानो. इंजिनिअरसाहेबांची बदली मुरुमला झाली तेव्हा तो सोलापुराहून बैलगाडीनं आला. निजामाच्या हद्दीवर करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकात नाक्यावर, गाडी दीड दिवस अडली होती, कारण त्याला फर्निचर धरायचं की यंत्र, हे तिथल्या अंमलदाराला ठरवता येईना. शेवटी त्यानं ‘कपाट, आवाजी’ असं लिहिलं आणि सोडलं. बारा माणसांनी तो बंगल्यात नेला. बंगल्याची मागची भिंत आणि आमच्या परसाची भिंत एकच. त्यामुळं तो वाजला की पहिल्यांदा आमच्या म्हशीला ऐकू जायचा, मग मला.

पहिलं वर्षभर बाई सरळ वाजवत. कानाला बरं लागायचं. मी कधी लक्ष दिलं नाही. मग गेल्या आषाढापासून काहीतरी बिघडलं. सुरात चाललेलं वाजवणं मध्येच ठक् करायचं. कुठं घंगाळात पळी पडल्यासारखा आवाज, कुठं ओल्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा, कुठं बैलाच्या गळ्यातली चिरकी घंटा. रोज सकाळी सात ते आठ. आणि रोज तेच, त्याच क्रमानं.

आक्का म्हणाली, “उंदरं शिरली त्यात. आमच्या माहेरी बाजाच्या पेटीत पिलं घातली होती.”

आमचे हे म्हणाले, “हवा मानवली नाही. लाकूड तडकलं असणार.”

मी म्हणाले, “बाईंना कुणी सांगत का नाही?”

पण कोण सांगणार? साहेबांच्या घरचं वाद्य. आठ महिने ते तसंच वाजत राहिलं आणि मला त्याची सवय झाली. खरं सांगायचं तर मी त्यावर घरकाम बेतायला लागले. आमच्या घरातलं घड्याळ वीस मिनिटं मागं पडतं. बाई मागं पडत नसत. मडक्यावरच्या टिचक्या सुरू झाल्या की तवा ठेवायचा. घंगाळातली पळी पडली की पहिली भाकरी उलटायची. मग एक लांबलचक, एकाच जागी फिरणारा भाग यायचा, त्यात पाच भाकऱ्या व्हायच्या. आणि अगदी शेवटी ती चिरकी घंटा तीनदा वाजायची, तेव्हा मी दिवसभराचं धान्य काढून कोठीला कुलूप लावत असे. याला कुणी गाणं ऐकणं म्हणणार नाही. मीही म्हणत नव्हते.

फरवर्दीतल्या त्या शुक्रवारी सकाळी बाई भिंतीवरून डोकावल्या. चेहरा उजळलेला.

“बेन, माझे मास्तर येतात! हैदराबादहून मुंबईला चालले, मधे सोलापूरला उतरून मोटारीनं इकडे येतात. रविवारी दुपारी. एकच रात्र. मला सगळा तयार करून द्याल?”

हे मास्तर कोण, हे त्यांनी मग सांगितलं. बाई सात वर्षांच्या असल्यापासून त्यांनी शिकवलेलं. साहेबांची बदली मुरुमला झाली तेव्हा ते म्हणाले होते, ‘तुझा हात आता संपला. दोन वर्षांत तू कापसाचा भाव सांगायला लागशील.’ बाईंनी त्यांच्यासाठी काहीतरी बांधलं होतं. आठ महिने. ते त्यांना ऐकवायचं होतं. मास्तरांचं वय पाहता पुन्हा मुरुमला येणं होणार नव्हतं.

मी म्हणाले, “तुम्ही काळजी सोडा.” आणि वही काढली.

एकतीस कामं झाली. अनुक्रमांक एक, गाद्यांना ऊन देणे. दोन, पाहुण्यांच्या वाट्याची साखर आमच्या कोठीत हलवणे, कारण कंट्रोलची साखर आणि बंगल्यातल्या मुंग्या या दोन गोष्टी मला एका छताखाली नको होत्या. असं करत अनुक्रमांक सतरा: पियानो पुसणे.

बाई आणि साहेब त्या दिवशी उमरग्याला गेले होते, पाहुण्यांसाठी काही सामान आणायला. आक्का आणि मी बंगल्यात कामाला लागलो. सतरावर आलो तेव्हा अकरा वाजले असतील. बाहेरून पुसून झाल्यावर मला दिसलं की पुढची फळी दोन खिट्ट्यांवर नुसती टेकवलेली आहे. आत धूळ असणारच. म्हणून काढली.

आत उभ्या तारा होत्या. आणि तारांच्या मध्ये, घट्ट बसलेले, बोल्ट. स्क्रू. वॉशर. चामड्याचे तुकडे. रबर.

आक्कानं कमरेवर हात ठेवले. “सांगितलं न्हवतं म्या? घूस हाय ही. घुशीलाच असा साठा करायचा नाद असतो.”

“घूस बोल्ट कशाला नेईल, आक्का?”

“साबण नेती, बोल्ट का न्हाय नेणार?”

मला घूस पटली नाही. पण बोल्ट ओळखीचे वाटले. आमचे हे गेले कित्येक महिने जेवताना एकच रड सांगत होते: स्टोअरमध्ये बोल्ट मोजणीला कमी भरतात. साहेब पाहणीला म्हणून खिशात घालून नेतात आणि परत करत नाहीत, आणि साहेबांना मागायचं कसं? हा माणूस त्या बोल्टांपायी जेवायचा कमी झाला होता. आणि ते इथं होते. साहेब खिसे रिकामे करत असणार, आणि ते घरंगळून यात पडत असणार. म्हणूनच आठ महिने हा पियानो ठक् ठक् करत होता!

एका कामात तीन कामं होणार होती. पियानो दुरुस्त, ह्यांची मोजणी बरोबर, आणि बाईंना मास्तरांसमोर लाज नाही. मी स्वयंपाकघरातून सांडशी आणली.

एक एक नग काढला. तारांवरून कापड फिरवलं. लोखंडी नग चिंच आणि राख लावून घासले, सुपात वाळवले, आकारानुसार लावले आणि यादी केली. मोठे बोल्ट सात, लहान बोल्ट नऊ, स्क्रू अकरा, वॉशर सहा, चामडं पाच, रबर तीन. एकूण एकेचाळीस. चामडं आणि रबर दारांच्या खाली लावायला म्हणून डब्यात ठेवलं. तेहतीस लोखंडी नग धोतराच्या फडक्यात बांधून दुपारच्या जेवणाला आलेल्या ह्यांच्या पुढ्यात ठेवले.

ह्यांनी गाठ सोडली. बघत राहिले. मग म्हणाले, “तू धन्य आहेस.” लग्नाला एकोणीस वर्षं झाली, हे वाक्य त्याआधी ऐकल्याचं आठवत नाही. दोन भाकऱ्या जास्त खाऊन ते कारखान्यात गेले.

तीनच्या सुमारास बाई परतल्या. मी त्यांना हात धरून पियानोपुढं बसवलं.

“वाजवा.”

त्यांनी हसत हसत बोटं ठेवली आणि ते रोजचं सुरू केलं. कुठं ठक् नाही, खण् नाही. कसं स्वच्छ, धुतल्या तांदळासारखं. चार-पाच सूर वाजले असतील. हात थांबले. त्या उठल्या, फळी काढली, आत बघितलं. आणि आवाज न करता पुन्हा खाली बसल्या.

“बेन. आत काय होता ते कुठं आहे?”

मी यादी पुढं केली.

बाईंनी ती वाचली. रडतील असं वाटलं. पण त्या हसायला लागल्या, आणि ते हसणं रडण्यापेक्षा वाईट होतं. मग त्यांनी सांगितलं. परदेशातल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं होतं, की तिकडे कुणीतरी पियानोच्या तारांत स्क्रू आणि रबर अडकवून वाजवतं, म्हणजे एका पियानोतून पन्नास वाद्यं निघतात. बाईंनी साहेबांच्या खिशातले बोल्ट घेऊन करून बघितलं. एक बोल्ट बोटभर वर सरकवला की घंटा, खाली आणला की मडकं. त्यातून त्यांनी ते बांधलं. तेच, रोज सात ते आठ. तेच मास्तरांना ऐकवायचं होतं.

म्हणजे बिघाड हेच गाणं होतं, आणि मी ते चिंचेनं घासून सुपात वाळवलं होतं.

त्यावर मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते.

“बाई, कुठला नग कुठल्या तारेत, याची यादी कुठं आहे?”

“यादी नाही. कानानं लावले होते.”

“आठ महिन्यांचं काम, एकेचाळीस नग, आणि यादी नाही?” माझा आवाज चढला. “उद्या घरात चोरी झाली असती तर? भूकंप झाला असता तर?”

“भूकंपच झाला,” बाई म्हणाल्या.

मी चप्पल घालून कारखान्यात गेले. कामाच्या वेळी मी तिथं कधी जात नाही. हे गल्ल्यापाशी उभं राहावं तशा ऐटीत स्टोअरच्या दारात उभे होते.

“अहो, बोल्ट परत द्या.”

“कुठले?”

“दुपारचे. सगळे.”

“ते जमा झाले. रजिस्टरला चढले.”

“मग रजिस्टरमधून उतरवा.”

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कोठीचं कुलूप विकायला काढलंय. पण माझा चेहरा बघून आत गेले. स्टोअरमध्ये लाकडी खणांत शेकड्यांनी बोल्ट असतात, सगळे तेलकट, काळे. त्यात आमचे चिंचेनं घासलेले लखलखत होते. हे एकच काम माझ्या साफसफाईनं सोपं केलं. बत्तीस मिळाले. एक नव्हता, मोठ्यांपैकी.

फिटर चाचा तेल पुसत आले. “वो एक तो मैं लेके गया भाभी. चार नंबर का पत्रा थरथरा रा था. आटी घिसा हुआ बोल्ट होना था, छेद भी घिसेला है ना. बराबर बैठ गया.”

“काढून द्या चाचा.”

“हौ, देता. हंगाम खतम होने दो.”

बाहेर फाटकापासून ओढ्यापर्यंत कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. जिन थांबवायची तर साहेबांचा हुकूम लागणार, म्हणून मी साहेबांना विचारलं. साहेब भले माणूस. त्यांनी बराच वेळ गाड्यांच्या रांगेकडं बघितलं, मग बंगल्याकडं बघितलं. “माझ्या घरात मी राहू शकलो पाहिजे,” ते म्हणाले, “पण या गावातपण राहू शकलो पाहिजे.” जिन थांबली नाही.

बत्तीस लोखंडी, आठ चामडं-रबर. चाळीस नग घेऊन आम्ही शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दिवसभर पियानोपुढं बसलो. पद्धत मी ठरवली. बाई रोजचं पहिल्यापासून वाजवणार. जिथं आवाज चुकेल तिथं थांबणार. मग नग लावून बघायचे आणि जमलं की मी वहीत लिहायचं.

पण पहिल्या दहा मिनिटांतच घोटाळा लक्षात आला. बाईंना आपण काय बांधलं ते पाठ होतं, पण पियानो साफ वाजत असताना त्यांच्या कानातला जुना आवाज पुसट व्हायला लागला. “इथं काय होता? ठक् होता की टिक्?” त्या कपाळ धरून बसल्या.

“इथं काही नव्हतं,” मी म्हणाले. “तवा तापेपर्यंत सगळं साधं असतं. पहिली टिचकी पीठ मळून झाल्यावर.”

बाईंनी मान वर केली.

“तुम्ही वाजवा,” मी म्हणाले. “मी सांगते.” आणि मी जमिनीवर बसून मोकळ्या हातांनी पीठ मळायला लागले. हातांना बरोबर ठाऊक होतं. “आता. इथं मडकं. एक, दोन. दुसरं जरा भरलेलं मडकं, पहिलं रिकामं. आता थांबा, भाकरी थापतेय. आता पळी!”

“पळी कशी? जाड की पातळ?”

“पितळी. पण घंगाळात पाणी आहे.”

बाईंनी मोठा बोल्ट सरकवला, त्याच्याशेजारी चामडं दाबलं, पट्टी दाबली. घंगाळात पळी पडली. पाण्यासकट.

आक्का दारात उभी राहून हे बघत होती. एक बाई पियानो बडवतेय आणि दुसरी हवेत भाकऱ्या थापतेय. “दोघींची दृष्ट काढावी लागंल,” ती म्हणाली. पण गेली नाही. थोड्या वेळानं तिलाच राहवेना. “न्हाय न्हाय, हितं ते खुंटी ठोकल्यावानी हुतं. म्हस हितंच कान टवकारायची की!” आणि तिचं बरोबर होतं.

शनिवारी दुपारी त्या लांबलचक भागाशी आलो. पाच भाकऱ्यांचा भाग. मला तो कायम कंटाळवाणा वाटत आला होता. आता त्यात एक एक स्क्रू लावताना दिसलं की तो एकाच जागी फिरत नाही. दर फेरीला एक आवाज गळतो. आधी मडकं जातं, मग खुंटी, आणि शेवटी नुसता साधा सूर उरतो. आठ महिने रोज मी तो ऐकला आणि आवाज गळतोय हे मला कळलं नव्हतं. घरातून एक एक भांडं जात असावं आणि कोठीवाल्या बाईला पत्ता नसावा, तसं. मला स्वतःचा राग आला. मी बाईंना तो भाग पुन्हा वाजवायला सांगितला. कामासाठी नाही. त्यांनीही विचारलं नाही, वाजवला.

“तुम्ही ऐकत होता, बेन,” त्या म्हणाल्या.

“ऐकत नव्हते. कानावर पडत होतं.”

चाळीस नग बसले. वहीत चाळीस ओळी झाल्या: डावीकडून कितवी पट्टी, तारेत किती बोटं वर, कुठला नग. राहिली शेवटची चिरकी घंटा, तीनदा वाजणारी. ती चार नंबरच्या जिनमधल्या बोल्टाची होती. दुसरे मोठे बोल्ट लावून बघितले, ते वाजत, पण कोऱ्या घंटेसारखे. स्क्रू लावला, चमच्याचा दांडा लावला, आक्कानं अडकित्ता पुढं केला. काही केल्या ते चिरकं येईना. आणि बाई म्हणाल्या की ते नसेल तर वाजवण्यात अर्थ नाही. सगळे आवाज गळून गेल्यावर तोच एक परत येतो. त्याच्यासाठी बाकीचे चाळीस.

मी मनातल्या मनात रोजचं चालवलं. धान्य काढलं, दार ओढलं, घंटा, कुलूप. हात कमरेला गेला, कारण त्या क्षणी तो रोज तिथंच असतो. किल्ली हातात आली. मी ती बघितली. बाईंनी ती बघितली.

“द्या,” बाई म्हणाल्या.

एकोणीस वर्षांत ती किल्ली माझ्या कमरेवरून दुसऱ्याच्या हातात गेली नव्हती. मी दिली. दोन तारांच्या मध्ये, साडेतीन बोटं वर. बाईंनी पट्टी दाबली.

तंतोतंत ती नव्हती. पण चिरकी होती आणि घंटा होती. तिच्यात थोडं कुलूपही होतं. बाईंनी डोळे मिटले, पुन्हा दाबली, आणि मान हलवली. चाळिसाव्या ओळीखाली मी लिहिलं: एकेचाळीस, किल्ली, तात्पुरती.

रविवारी चार वाजता सगळे बसले, ते वर लिहिलंच आहे. मास्तर मोटारीच्या धुळीनं माखलेले, काठीवर हनुवटी टेकवून बसले. त्यांनी पियानोकडं बघितलं नाही. बाईंच्या हातांकडं बघत होते.

मडकं वाजलं तेव्हा त्यांची हनुवटी काठीवरून उठली. पळी पडली तेव्हा ह्यांनी माझ्या कानाशी वाकून विचारलं, “यातला आपला कुठला?” मी त्यांना गप्प केलं. लांबलचक भागात साहेबांनी एकदा जांभई दाबली. मी एकही आवाज सोडला नाही, प्रत्येक गळताना मोजला. आणि शेवटी किल्ली वाजली. तीनदा. माझा हात आपोआप कमरेला गेला.

मास्तरांनी बोट गोल फिरवलं: पुन्हा.

त्याच वेळी साहेब माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, “बेन, चहा?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन दिवसांचं धान्य मी शनिवारी सकाळीच काढून ठेवलं होतं, म्हणून तोवर कोठी आठवलीच नव्हती: साखर कोठीत, कोठीला कुलूप, किल्ली पियानोत. शेंगापोळ्याही कोठीत. आणि मास्तरांनी पुन्हा म्हटलं होतं, त्यामुळं किल्ली काढायचा प्रश्नच नव्हता.

मी दाराशी जाऊन चाचांना सांगितलं. ते म्हणाले, “कुलूप कू हात नै लगाते भाभी. बिजागरी से निकालता.” आक्का त्यांच्याबरोबर निघाली. खरं तर माझं काम होतं जायचं. माझी कोठी, माझं दार. बाईंनी पट्ट्यांवर हात ठेवले. मी गेले नाही, बसून राहिले.

दुसऱ्या वेळी त्या लांब भागात, जिथं खुंटीचा आवाज गळून गेला होता, तिथं भिंतीपलीकडून ठाक् ठाक् ठाक् ऐकू आलं. बाईंची पाठ ताठ झाली, पण हात थांबले नाहीत. मास्तरांनी भिवया उंचावल्या आणि मान हलवली, पसंतीची. मग धाडकन दार पडल्याचा आवाज आणि आक्काचं, “आगं आई, पाय गेला की माजा!” तेव्हा मास्तरांनी साहेबांकडं बघितलं.

संपल्यावर मास्तर उठले. फळी काढली आणि आत डोकं घातलं. बराच वेळ आतच होते. डोकं बाहेर काढून ते इंग्रजीत भराभर काही बोलले. बाई खाली बघत ऐकत होत्या, मग त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि हसल्या, या वेळी नीट. मला इंग्रजी येत नाही. साहेबांना विचारलं.

“म्हणतात, हात संपला नाही. बरा झालाय. म्हणतात, मुंबईत असती तर हे सुचला नसता.” साहेब जरा थांबले. “आणि म्हणतात, मधला भाग लांब आहे.”

मी म्हणाले, आठ महिने मलाही तसंच वाटत होतं, पण त्यांना सांगा, तिसऱ्यांदा ऐका. साहेबांनी सांगितलं की नाही ठाऊक नाही. मास्तरांनी माझ्याकडं वळून मान लववली. पुढच्या थंडीत आपल्या दोन विद्यार्थ्यांना इथं धाडतो म्हणाले. पियानो नेता येत नाही, तेव्हा त्यांनीच यावं. तोवर आतलं काही हलवू नका, आणि जे बदललंय ते मूळ जागी आणा. म्हणजे घंटा. ती त्यांनी बरोबर हेरली होती. छान आहे, पण बाकीच्या घराण्यातली वाटत नाही, म्हणाले.

चहा साडेपाचला झाला. चाचांनी दार बिजागरीकडून काढून भिंतीला उभं केलं होतं, कडी-कुलूप शाबूत. आक्काच्या पायाला खरचटलं होतं, म्हणून पहिली शेंगापोळी तिला.

त्याला आता वर्ष होत आलं. हंगाम संपला तेव्हा चाचा मुलीच्या लग्नासाठी हुमनाबादला गेलेले. ते आले तेव्हा पाऊस लागला, आणि बोल्ट गंजून असा बसला की सोडवायचा तर पत्रा कापावा लागेल म्हणाले. पत्रा सोलापुराहून येणार होता. तो येईपर्यंत नवा हंगाम सुरू झाला आणि चार नंबर पुन्हा चालू आहे. पत्रा स्टोअरात उभा आहे. ह्यांनी तो रजिस्टरला चढवलाय.

कोठीचं दार आम्ही रोज बिजागरीकडून उघडतो. घरात सगळ्यांना जमतं, त्यामुळं कुलपाला तसा अर्थ राहिलेला नाही. दुसरी किल्ली करून घे असं हे अजून म्हणतात. पण लोहाराला नमुना द्यायचा तर किल्ली हातात पाहिजे, आणि ती सकाळी सात ते आठ वाजत असते. नंतरही काढता येत नाही, जागा हलेल.

मास्तरांचे विद्यार्थी पुढच्या महिन्यात यायचेत. एकतीस कामांची ती यादी अजून वहीत आहे. तीस ओळींवर खूण आहे. सतराव्या ओळीत, ‘पियानो पुसणे’ खोडून, लिहिलंय: चार नंबर उघडणे, बोल्ट काढणे. न घासता आणणे.